तरुण संशोधकांचे पुरस्कार आणि आमच्या शाळेतली तांब्याची तार



२८ फेब्रुवारी जवळ आला की आपल्या शाळाशाळांत विज्ञान दिनाची गडबड सुरू होते. फलकलेखन होतं, सी. व्ही. रामन यांचा फोटो टेबलावर येतो, दोन-चार मुलं भाषणं पाठ करतात. निबंधाचा विषय ठरलेला, ‘विज्ञान : शाप की वरदान’. मुलंही तो निबंध डोळे मिटून लिहितात. यंदा मी विषय बदलला. फळ्यावर लिहिलं, ‘तरुण संशोधकांना मिळणारे पुरस्कार’. मुलं गोंधळली. पुरस्कार म्हणजे क्रिकेटवाल्यांना, सिनेमावाल्यांना मिळतात हे त्यांना माहीत. शास्त्रज्ञाला फार तर नोबेल मिळतं, आणि तेही म्हातारपणी, अशी त्यांची समजूत.

म्हणून हा लेख. मुलांनी तो निबंधासाठी वाचावा आणि आपण शिक्षकांनी थोडा स्वतःसाठी. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. अभियांत्रिकीचं शिक्षण माझं नाही. पण जे समजून घेतलं ते मुलांना समजेल अशा भाषेत सांगता येतं, एवढा विश्वास पंधरा वर्षांच्या नोकरीने दिला आहे.

विद्युतचुंबकत्व म्हणजे नक्की काय?

शब्द मोठा आहे, पण गोष्ट घरातली आहे. विहिरीवरची मोटार, घरातला पंखा, विजेचं मीटर, रेडिओ, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, दवाखान्यातलं एमआरआय यंत्र, या सगळ्यांच्या मुळाशी वीज आणि चुंबक यांचं नातं आहे.

१८२० साली डेन्मार्कच्या ऑर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज वाहिली की शेजारी ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेतून चुंबकत्व तयार होतं. मग उलटं होईल का? चुंबकातून वीज मिळेल का? मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातली वीज चालू-बंद केली की दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज येते, हे त्यांनी दाखवलं. आजचा ट्रान्सफॉर्मर त्याच कड्याचा नातू. हे फॅरडे लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होते, हे मुलांना आवर्जून सांगावं.

पुढे मॅक्सवेल यांनी १८६५ साली गणिताने मांडलं की वीज आणि चुंबकत्व मिळून लाटा तयार होतात आणि प्रकाश हीसुद्धा तशीच लाट आहे. हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगशाळेत अशा लाटा तयार करून दाखवल्या. आणि आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात या लाटा भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली. बोस यांच्या लाटांची लांबी काही मिलिमीटर होती, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढी! आज मोबाइलच्या नव्या पिढ्यांसाठी जगभर मिलिमीटर लाटांवर काम चाललं आहे. बोस यांनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी केलं होतं.

नाशिकहून मुंबईला जाताना कल्याण, पुण्याला जाताना खोडद

मुलांना वाटतं संशोधन म्हणजे अमेरिका. म्हणून मी त्यांना आपल्या दोन रस्त्यांवरची दोन गावं सांगते.

पहिलं कल्याण. नाशिकरोडवरून मुंबईला जाणारी गाडी तिथे थांबते. भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ च्या सुमारास या कल्याणजवळ उभी राहिली. सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ छोट्या तबकड्या होत्या, आणि त्या ऑस्ट्रेलियाने आपल्याला भेट दिलेल्या होत्या. ती उभारली गोविंद स्वरूप यांच्या गटाने. स्वरूप यांचा जन्म १९२९ सालचा, उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वारा गावचा. ऑस्ट्रेलियात काम केलं, अमेरिकेत स्टॅनफर्डला पीएच.डी. केली आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आले. पुढे १९७० साली उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली. १९७२ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

दुसरं खोडद. नाशिक-पुणे रस्त्याने सिन्नर, संगमनेर, आळेफाटा मागे टाकलं की नारायणगाव येतं. तिथून आत गेलं की खोडद. तिथे आहे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींच्या जवळ आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात लांबवर पसरलेल्या. सगळा पसारा साधारण २५ किलोमीटरचा. आमच्या मुलांना सांगायचं तर नाशिक ते दिंडोरी एवढा. ही कल्पनाही स्वरूप यांचीच. २०२० साली आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने जीएमआरटीला ‘मैलाचा दगड’ म्हणून मान दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्यात स्वरूप गेले.

विज्ञान दिनाला ही दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. शाळा-महाविद्यालयांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात, मोठी जत्राच भरते. आम्हीही एकदा एसटीची गाडी ठरवून गेलो होतो. आत मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणारी लाट इतकी क्षीण असते की मोबाइलची लाट तिच्यापुढे लाउडस्पीकर ठरते. आमची पोरं मात्र भलत्याच गोष्टीने हैराण झाली. ‘मॅडम, ही तर जाळी आहे! भोकं आहेत सगळी! लाट खालून निघून नाही का जाणार?’

प्रश्न अगदी बरोबर होता. मी घरून रव्याची चाळण नेली नव्हती, पण उत्तर चाळणीनेच दिलं. रवा भोकातून पडतो, शेंगदाणा पडत नाही. प्रकाशाची लाट अतिशय बारीक, ती जाळीतून सरळ निघून जाते, म्हणून तबकडीखाली ऊन पडतं. हायड्रोजन वायूकडून येणारी रेडिओ लाट २१ सेंटीमीटर लांब असते. एक-दोन सेंटीमीटरच्या भोकातून ती जात नाही. तिला ती जाळी म्हणजे सपाट पत्राच वाटतो. जाळी केल्यामुळे वजन कमी झालं, वाऱ्याचा जोर कमी झाला आणि पैसे वाचले. पत्र्याच्या ३० तबकड्या आपल्याला परवडल्याच नसत्या. मुलांना हे फार आवडलं. आपल्याकडे पैसे कमी होते म्हणून डोकं जास्त वापरावं लागलं, हे त्यांना त्यांच्या घरासारखंच वाटलं असावं.

तरुणांना कोणते पुरस्कार मिळतात?

आता मूळ विषय. परीक्षेच्या दृष्टीनेही हे मुद्दे लक्षात ठेवा.

रेडिओ लाटांच्या शास्त्राची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिला थोडक्यात उर्सी म्हणतात. स्थापना १९१९, ब्रुसेल्स. दर तीन वर्षांनी तिची मोठी सभा भरते. २००५ ची सभा आपल्या दिल्लीत भरली होती, २०२३ ची जपानमधल्या सप्पोरोला. या सभेत ३५ वर्षांखालच्या संशोधकांना ‘यंग सायंटिस्ट’ पुरस्कार देतात. त्यात लाखो रुपये नसतात. प्रमाणपत्र मिळतं, सभेची नोंदणी फी माफ होते, राहण्याखाण्याला मदत मिळते. म्हणजे मोठ्या लोकांमध्ये बसून आपलं काम सांगायची संधी मिळते. गरीब देशातल्या मुलाला हेच तर हवं असतं. याशिवाय ३५ वर्षांखालच्या संशोधकासाठी इसाक कोगा सुवर्णपदक आहे. शांतिमय बसू या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या नावानेही उर्सी तरुणांना पदक देते.

आपल्या देशात भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी तरुण अभियंत्यांना पुरस्कार देते. भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जात होता, वयाची अट ४५ वर्षं. आता त्याची जागा ‘विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर’ पुरस्काराने घेतली आहे. हा राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांचा भाग आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात ते पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा १८ जणांना युवा पुरस्कार मिळाला.

जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या संस्थेतल्या यशवंत गुप्ता यांना २००७ साली आणि निस्सीम काणेकर यांना २०१७ साली भटनागर पुरस्कार मिळाला. काणेकर यांच्या गटाचं एक काम मी वर्गात नेहमी सांगते. २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन वायू किती होता, हे त्यांनी जीएमआरटीने मोजलं. एकेका दीर्घिकेचा आवाज इतका मंद की ऐकूच येत नाही. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले आणि मग सरासरी आवाज कानावर आला. आमच्या पहिलीच्या वर्गात एकेक मूल लाजून पुटपुटतं, पण सगळे मिळून पाढे म्हणायला लागले की आवाज रस्त्यापर्यंत जातो, तसंच. या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं आदित्य चौधरी यांचं, जे तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते. गुरूच्या आधी शिष्याचं नाव! मला हासुद्धा एक पुरस्कारच वाटतो.

आमच्या शाळेतली गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. आमच्या पोरांचं काय?

आपल्या पोरांसाठी इन्स्पायर अवॉर्ड मानक आहे. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून ही योजना चालवतात. सहावीपासून पुढच्या मुलांच्या कल्पना शाळेने ऑनलाइन पाठवायच्या. निवड झाली तर १० हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यावर येतात, त्यातून नमुना तयार करायचा, मग जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर प्रदर्शन.

आमच्या सातवीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. तिचे वडील मोटार रिवायंडिंगचं काम करतात. आधी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये होते, आता गावाच्या फाट्यावर छोटं दुकान टाकलंय. द्राक्षाचा पट्टा असल्याने विहिरी-बोअरच्या मोटारी जळून येतात त्यांच्याकडे. पोरगी शाळा सुटल्यावर दुकानात बसायची. जळालेल्या वेटोळ्यांची तार सोडवायची, वजन करायची.

एकदा थ्री फेजचा विषय निघाला. ती म्हणाली, ‘मॅडम, एक फेज गेला की मोटार गुरगुरते आणि जळते. पण पेटीवरचे तिन्ही दिवे चालूच असतात. शेतकरी म्हणतो, दिवे तर होते, मग मोटार जळली कशी?’

मला याचं उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिच्यासोबत दुकानात गेले. वडिलांनी समजावलं, ‘मॅडम, मोटार फिरत असताना एक फेज गेला, तरी फिरणारी मोटार स्वतःच त्या तिसऱ्या तारेवर दाब तयार करते. त्यामुळे दिवा थोडा मंद होतो, पण विझत नाही. लांबून कळत नाही. इकडे राहिलेल्या दोन तारांवर सगळा भार येतो अन् वाइंडिंग भाजतं.’ हा माणूस दहावी नापास आहे. पण कुठल्याही पुस्तकात इतकं सरळ मी वाचलं नव्हतं.

पोरीची कल्पना अशी : दिवा दाबावर लावायचाच नाही, तारेतून खरोखर वीज वाहतेय का यावर लावायचा. तारेला न तोडता, न शिवता. तिने एक वायर घेऊन तिच्याभोवती बारीक तांब्याची तार स्प्रिंगसारखी गुंडाळली, दोनशे वेढे दिले. दिवा लागेना. चारशे दिले. लागेना. ती रडकुंडीला आली.

मग आम्ही वर्गात ऑर्स्टेडचा प्रयोग केला. सेल, तार आणि होकायंत्र. सुई तारेभोवती कशी वळते ते पाहिलं. चुंबकत्व तारेच्या लांबीने पुढे जात नाही, ते तारेभोवती बांगडीसारखं गोल असतं. पोरीने स्वतःच बांगडी हातातून काढून मनगटाभोवती धरली आणि गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे बांगडीवर वेढे द्यायचे आणि तार बांगडीतून काढायची!’

वडिलांनी जुन्या उपकरणातलं लोखंडी पत्तीचं कडं काढून दिलं. त्यावर तिने सुया-दोऱ्याने शिवावं तसे एक एक करून हजार वेढे दिले. तीन संध्याकाळी गेल्या त्यात. घरगुती विजेवर चाचणी वडिलांनीच केली, मुलांना मी लांब उभं केलं होतं, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावं. पंख्याची तार कड्यातून नेली तर छोटा एलईडी जेमतेम लुकलुकला. इस्त्रीची तार नेली आणि तो ठळक लागला. इस्त्री बंद केली की दिवा बंद. वायर कुठेही सोललेली नाही, कुठेही जोडलेली नाही!

फॅरडेंनी १८३१ साली लोखंडाच्या कड्यावरच तार गुंडाळली होती. मी तिला पुस्तकातलं चित्र दाखवलं तर ती म्हणाली, ‘यांनी पण कडंच घेतलं?’ त्या प्रश्नात जो आनंद होता तो मला अजून आठवतो. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती त्याच ठिकाणी स्वतः पोचली होती.

दहा हजार रुपये आणि आठवीचा प्रश्न

कल्पना पाठवली, निवडही झाली. दहा हजार रुपये तिच्या खात्यावर आले. आणि मग खरी परीक्षा सुरू झाली, पण ती विज्ञानाची नव्हती.

त्या वर्षी अवकाळीने बागांचं नुकसान झालं होतं. शेतकऱ्यांकडे पैसा नाही म्हणजे रिवायंडिंगची उधारी वसूल होत नाही. घरात आजी आजारी. शिवाय आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी सात किलोमीटरवर जावं लागतं. थोरल्या बहिणीची शाळा सातवीनंतरच सुटलेली. घरात बोलणं चाललं होतं की हिलाही आता कशाला पाठवायचं. आजीजवळ कोणीतरी हवं.

मी घरी गेले तेव्हा आई म्हणाली, ‘मॅडम, पैसे पोरीच्या नावाचे हायेत, त्याला आम्ही हात लावणार नाय. पण शाळेचं आत्ताच काय सांगू?’ मी काही भाषण दिलं नाही. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेत, एवढं सांगितलं. सकाळची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं. गावातल्या आणखी दोन मुली जाणार आहेत, त्यांच्या आयांशी बोलून घ्या म्हटलं. वडील खाली मान घालून वेटोळं भरत होते. ते काहीच बोलले नाहीत.

जिल्हा प्रदर्शनात तिने तीन कडी, तीन एलईडी आणि एक बझर लावलेली पेटी मांडली. एका परीक्षकांनी विचारलं, ‘सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बाजारात मिळतो की. तुझ्यात नवीन काय?’ ती म्हणाली, ‘मिळतो सर. पण आमच्याकडे ज्या मोटारी जळून येतात त्यांच्यावर तो नसतो. असला तर बंद करून डायरेक्ट जोडलेला असतो, कारण तो सारखी मोटार बंद पाडतो. माझा मोटार बंद करत नाही, नुसता सांगतो.’ परीक्षक हसले, काहीतरी लिहून घेतलं. राज्य पातळीसाठी तिची निवड झाली नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसून होती. मी पण समजूत घालायला गेले नाही. दुःख करायचा हक्क तिलाही आहे.

पण दुसऱ्या आठवड्यात वडील शाळेत आले. जून महिन्यात दाखला कधी मिळेल, आठवीच्या प्रवेशाला काय काय कागद लागतात, हे विचारत होते. पुरस्कारामुळे आले का? मला सांगता येणार नाही. मला वाटतं, तीन संध्याकाळी पोरगी आपल्या शेजारी बसून आपलंच काम करतेय, आणि त्या कामाला शाळेत विज्ञान म्हणतात, हे त्यांनी पाहिलं होतं. प्रदर्शनाच्या कार्डावर ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव छापलं होतं. मी पेनाने खाली त्यांचंही नाव लिहिलं होतं. ते कार्ड दुकानात मीटरच्या वर चिकटवलेलं आहे.

वयाच्या अटीबद्दल थोडंसं

पुरस्कारांची माहिती वाचताना एक गोष्ट मला खटकत राहिली. ३५ वर्षं. तरुणांना आधार मिळावा म्हणून वयाची अट हवीच, नाहीतर सगळी पदकं नामवंतांकडेच जातील. हर्ट्झ यांनी तिशीत लाटा दाखवल्या, मॅक्सवेल यांचा मोठा शोधनिबंध आला तेव्हा ते ३३-३४ चे होते. तरुण वयात मोठं काम होतं हे खरं.

पण फॅरडे यांनी कड्यावर तार गुंडाळली तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. जगदीशचंद्रांनी कोलकात्यात घंटा वाजवली तेव्हा ३६ वर्षांचे. रामन यांनी आपला शोध जाहीर केला तेव्हा ३९ वर्षांचे. ३५ च्या अटीत यातलं कोणीच बसत नाही! ज्याला सुरुवात उशिरा करायला मिळाली त्याचं घड्याळ वेगळं चालतं. आपल्या गावातल्या मुलींचं घड्याळ तर फारच वेगळं. शाळा सुटते, लग्न होतं, मूल होतं, मग कधीतरी पुन्हा पुस्तक हातात येतं. कामात खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी केंद्र सरकारची वाइज-किरण योजना आहे, ही चांगली गोष्ट आहे. अशा वाटा आणखी हव्यात. पण आपल्या हातात दिल्ली नाही, सातवी-आठवीचा सांधा आहे. तिथे एक वर्ष वाया गेलं तर ते पुढे ३५ व्या वर्षी कोणीच परत देत नाही.

शिक्षकांसाठी चार गोष्टी

१) विकतचे प्रकल्प आणू नका. शहरात तयार मॉडेल मिळतात, पालक हौसेने घेतातही. पण त्यातून मूल एकच गोष्ट शिकतं, की बक्षीस विकत मिळतं. वाकडंतिकडं चालेल, पण मुलाच्या हातचं हवं.

२) कल्पना शोधायला इंटरनेटवर जाण्याआधी मुलाच्या घरी जा. पालक रिक्षा चालवतात, गवंडीकाम करतात, बागेत फवारणी करतात. प्रत्येक धंद्यात न सुटलेला एखादा प्रश्न असतोच.

३) मुलांची बँक खाती आणि आधार जोडणी पावसाळ्यातच तपासून घ्या. कल्पना निवडली जाऊनही खात्याच्या चुकीमुळे पैसे अडकले, असं आमच्या भागात घडलेलं मी पाहिलं आहे.

४) शक्य झालं तर एकदा तरी खोडदला मुलांना न्या. जाताना चाळण न्यायला विसरू नका!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी

निबंध लिहिताना पुरस्कारांची नुसती यादी देऊ नका. पुरस्कार कोणाला, किती वयाच्या माणसाला, कोणत्या प्रश्नासाठी मिळाला ते लिहा. आणि शेवटी दोन ओळी स्वतःच्या लिहा : माझ्या घरी, माझ्या गावात विजेचा कोणता प्रश्न आहे जो अजून कोणी सोडवला नाही?

कृती : एक पेन्सिल सेल, हातभर तार आणि होकायंत्र घ्या. तार सुईच्या वरून धरा, मग खालून धरा. सुई दोन्ही वेळा एकाच बाजूला वळते का ते वहीत नोंदवा. तार फार वेळ जोडून ठेवू नका, ती तापते. घरच्या विजेला मात्र हात लावायचा नाही. ते काम मोठ्यांचं.

तुमच्या शाळेतल्या मुलांनी काय शोधलं ते नक्की कळवा. मी वाट पाहते.